तळटीप १४ : सॉल्झबरीची नवी पॅरिश कौन्सिल

१४. पॅरिश कौन्सिल ही चर्चची समिती नव्हे. इंग्लंडमध्ये १८९४च्या कायद्यापासून ती साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीवरची, लोकांनी निवडून दिलेली संस्था आहे. १ एप्रिल २००९ रोजी विल्टशर परगण्यातल्या चारही जिल्हा कौन्सिली बरखास्त झाल्या आणि कारभार एकट्या विल्टशर कौन्सिलच्या, म्हणजे ट्रोब्रिजमधल्या मुख्यालयाच्या हाती गेला. याच परगण्यातल्या सॉल्झबरी शहराला तोवर पॅरिश कौन्सिल नव्हती, म्हणून त्याच वेळी ती नव्याने स्थापन केली. नाव ‘सिटी कौन्सिल’, अधिकार पॅरिशचेच. रस्ते, शाळा विल्टशरकडे. पण गिल्डहॉल आणि १२२७च्या सनदेने मिळालेला, मंगळवारी-शनिवारी भरणारा चौकातला बाजार आज ही कौन्सिल सांभाळते. अशा बाजारातल्या गाळ्यांचे निर्णय दूरच्या कचेरीत होऊ नयेत, हेच या स्थापनेचे खरे मोल. खर्चासाठी ती स्थानिक करात आपला हिस्सा घालते. वसुली विल्टशर कौन्सिल करते. विल्टशरसारखी पुनर्रचना नसतानाही २००७च्या कायद्याने रहिवासी नव्या पॅरिश कौन्सिलची मागणी करू शकतात. अडीच हजारांहून अधिक मतदार असतील तर साडेसात टक्के सह्या पुरतात. सॉमरसेटमधल्या टॉन्टनला मात्र सॉल्झबरीप्रमाणेच पुनर्रचनेच्या वेळी, २०२३मध्ये, स्वतःची कौन्सिल मिळाली.