वैद्यकविद्या आणि गिरणगाव

शहर टिकावे, उद्योग टिकावा, असे म्हणताना त्यात राबणारी माणसे आधी टिकली पाहिजेत, हे पुष्कळदा विसरले जाते. हल्ली 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली त्याची सतरा उद्दिष्टे ठरविली, त्यांतले तिसरे आरोग्याचे. वैद्यकीय विद्यापीठांचे यात काय काम, हे पाहावयाचे तर भायखळा आणि परळ येथे गेले पाहिजे.

भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचे. तेथेच शिकलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीयाने सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग ओळखला. माणसे लाखांनी शहर सोडून पळाली. कामगारांवाचून गिरण्या अडल्या, तेव्हा मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले आणि नाक्यांवर मजुरांसाठी बोली लागली. आमच्या चळवळीत इतिहासाचे हे पान फारसे वाचले जात नाही, वाचले पाहिजे. कॉलेजातल्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर हाफकिन यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांस. ते आपखुशीने पुढे आले असे नमूद आहे. तुरुंगात खुशी कितपत असते, ही शंका आम्हांस येतेच.

परळची गोष्ट निराळी. त्या काळी वैद्यकातल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या साहेबांकडे असत. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की शिकविणारे सारे सरकारी नोकरीत नसलेले हिंदी डॉक्टर असावेत. 1926 साली कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय उघडले, तेही गिरण्यांच्या ऐन वस्तीत.

तेथे रोगी येत ते छातीत कापसाची धूळ घेऊन. कार्डिंग खात्यातला कामगार सुट्टीनंतर कामावर आला की छाती आवळते, धाप लागते. दोष विडीवर ढकलणे सोपे. के. ई. एम.चे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षे तपासणी केली, आणि हा बिसिनोसिस इतर जुनाट दम्या-खोकल्यापासून निराळा कसा ओळखावा, ते 1981 साली प्रसिद्ध केले. असा आधार आमच्या शंभर ठरावांनी मिळाला नसता. पण 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. कापसाची धूळ परळातून गेली. धाप घेऊन माणसे सातारा-रत्नागिरीकडे गेली. तेथे गावोगाव तो रोग ओळखणारा डॉक्टर कोठून असणार?