हरळी आणि लॉन

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण सांगितलं तर हसाल. गेलं वर्षभर मी गवत वाढवत होतो.

झालं असं, की चिरंजीवांनी आमच्या मुळशीतल्या घरासमोरच्या गुंठाभर जागेत लॉन करायचं ठरवलं. नर्सरीतून चटईसारख्या गुंडाळ्या आल्या, दोन माणसांनी दिवसभरात अंथरल्या. बिल पाहून मी गप्प बसलो. नातवानं विचारलं, "आजोबा, गवत विकत मिळतं?" मी पाहिलं, तर गुंडाळीतलं गवत दुसरंतिसरं कुणी नव्हे, आपली हरळीच! जात जरा निवडक, पान बारीक, इतकंच.

हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. जुन्या मंत्रात तिचं वर्णन पेरापेरातून वाढत जाणारी असं केलंय आणि ते अगदी खरं आहे. जमिनीवर धावे, जमिनीखाली मुळ्या, जिथे पेर टेकेल तिथे नवा कोंब. देवाला चालते, पण शेतकऱ्याला? ते बांधावर अवलंबून. आमच्या मावळपट्टीत भातखाचराच्या बांधावर हरळी हवीच, तीच बांध धरून ठेवते. देशावरच्या काळ्या रानात मात्र ती वैरीण. माझे आजोबा मुळशीतून उठल्यावर दौंडच्या बाजूला अर्धेलीनं रान करत. वडील सांगायचे, उन्हाळाभर कुदळीनं हात-दीड हात खोल खणायचं, ढेकळं उलटी घालायची, मुळ्या उन्हात वाळवायच्या, वेचून जाळायच्या. एक पेर राहिलं तरी पुढल्या साली ये रे माझ्या मागल्या. चिवट माणसाला 'हरळीची मुळी' म्हणतात ते उगाच नाही.

मग हे तण प्रतिष्ठेचं कसं झालं?

मूळ हौस इंग्लंडातली. तिथे पाऊस बाराही महिने रिमझिम, हवा थंड. बड्या जमीनदारांच्या वाड्यापुढे हिरवळ असायची, ती मेंढ्या चरून नाही तर माणसं कोयत्यानं कापून खाली ठेवत. ज्या जमिनीत दाणा पिकू शकतो तिथे नुसतं गवत राखायचं, ही श्रीमंती दाखवायची रीत. सामान्यांच्या दारात लॉन आलं ते १८३० नंतर. त्या साली एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायचं यंत्र काढलं. कल्पना कुठून सुचली? कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून! पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, तेव्हा हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. (आमच्या शाळेतली निम्मी पोरं तेव्हा अनवाणी यायची, हे उगाच आठवलं.)

साहेब इथे आला, पण त्याचं थंड हवेतलं गवत आपल्या उन्हाळ्यात टिकेना. मग माळ्यांनी इथलीच दूर्वा लावून दिली. एशियाटिक सोसायटी काढणाऱ्या विल्यम जोन्सनं तर अठराव्या शतकात तिच्या फुलांना भिंगाखाली पाहून माणकं आणि पाचूंची उपमा दिली होती. पुण्यात गणेशखिंडीचा लाटसाहेबांचा बंगला १८६४ ते १८७१ या काळात बांधला गेला, तेच आजचं विद्यापीठ. २२ जून १८९७ ला तिथला राणीचा हीरक महोत्सव आटोपून परतताना रँड आणि आयर्स्टवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या, हे सातवीच्या वर्गाला मी किती वर्षं शिकवलं! पण एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. गव्हर्नर तिथे पावसाळ्यात राहायला येई. म्हणजे साहेबानं पुण्याची हिरवळ पाहिली ती मुख्यतः वरून पाणी पडत असताना. आपण मात्र ती मे महिन्यात मागतो.

हिशेब करून पाहा. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागतं. एका गुंठ्याला म्हणजे रोज पाचशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपला. आणि हे कुठे? मुळशीत, जिथलं पाणी अडवून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग भोगला. पुण्याच्या सावकारांतले बरेच जण मोबदल्याला राजी झाले, कसणारे हटले नाहीत. पण धरण झालंच. १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि आमच्या आजोबांची खाचरं पाण्याखाली गेली, बांधावरच्या हरळीसकट.

आता आमच्या लॉनचं काय झालं ते. पहिल्याच पावसाळ्यात सडलं. मुरमावर सपाट अंथरलेलं, पाण्याला वाट नाही. जिथे सडलं तिथे लव्हाळा माजला. चिरंजीव म्हणाले, पुन्हा मागवू. मी म्हटलं, थांब.

चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरणाच्या काठी, जिथे जमीन कित्येक महिने पाण्याखाली जाते आणि पुन्हा उघडी पडते, तिथे टिकणाऱ्या मोजक्या वनस्पतींत हरळी आहे असं वाचलं होतं. म्हणून मे महिन्यात नातवाला घेऊन धरणाच्या काठी गेलो. पाणी खूप खाली गेलं होतं. चिखल वाळून भेगाळलेला, मधूनच जुन्या बांधांच्या दगडी ओळी. आणि त्या दगडांच्या कडेनं हिरवी हरळी! आजोबांचं खाचर नेमकं कोणतं ते सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. एका ओळीपाशी बसलो आणि पिशवीभर धावे उपटून घेतले.

घरी आधी जागेला उतार दिला. गाळ आणि शेणखत वीतभर मिसळलं. लव्हाळ्याच्या गाठी नातवानं पैशाला एक या दराने वेचल्या, नंतर भाव एक रुपया झाला. दोन-दोन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावले, मृगाच्या तोंडावर. दसऱ्यापर्यंत जागा भरली. कापताना एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच काढायचा, जास्त छाटलं की पिवळं पडतं. उन्हाळ्यात रोज शिंपण न करता चार-पाच दिवसांनी पहाटे खोल पाणी द्यायचं, तेही मोजकंच. एप्रिलमध्ये ती तपकिरी झाली, तेव्हा सूनबाई हळहळली. मी तिला सांगितलं, मेलेली नाही, झोपलीय.

काल वळवाचा पाऊस झाला. आज सकाळी नातू ओरडत आत आला. मी चष्मा शोधतोय, मग बाहेर जाऊन पाहतो.