कोडचे कोठार आणि कोठाराची वही

संगणकावर चालणारा मोठा प्रोग्रॅम हे सहसा एका माणसाचे काम नसते. शेकडो माणसे, बहुधा एकमेकांस कधीही न भेटलेली, आपापल्या गावी बसून त्यात भर घालीत असतात. अशा कामाला एक सामाईक जागा लागते. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, ज्याला या व्यवसायात कोड म्हणतात, तो प्रत्येक फेरफाराच्या नोंदीसह तेथे ठेवला जातो. दोष दाखविले जातात. आणि कोणाची दुरुस्ती स्वीकारावी व कोणाची परत पाठवावी याचा खलही तेथेच होतो. या जागेचा इतिहास पंचवीस वर्षांहून थोडा अधिक आहे. तिची कल्पना ज्यांना सुचली त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. ती जागा रोज झाडूनपुसून चालू ठेवणाऱ्यांची, आणि ती कशी चालते हे लिहून ठेवणाऱ्यांची, हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानी पडत नाही.

नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स या अमेरिकन कंपनीने सोर्सफोर्ज नावाचे असे केंद्र उघडले. ते कोणासही विनामूल्य वापरता येई, आणि ते ज्या कोडवर चाले तो कोडही आरंभी सर्वांना खुला होता. पुढे २००१ च्या सुमारास कंपनीने आपल्या नव्या आवृत्त्या खुल्या करणे थांबविले. फुकटच्या बिऱ्हाडालाही मालक असतोच, ही गोष्ट त्या वेळी अनेकांच्या ध्यानी आली. मग पूर्वी खुल्या झालेल्या जुन्या कोडच्या आधारावर काहींनी आपली स्वतंत्र घरे बांधली. ग्नू प्रकल्पाचे सव्हाना हे त्यांतले एक. डेबियन या स्वयंसेवकांच्या संघटनेने २००३ मध्ये सुरू केलेले अलिओथ हे दुसरे. अलिओथ हे सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव. आपल्याकडे त्याच ताऱ्याला अंगिरस म्हणतात.

या खटाटोपाची गरज काय होती, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर पुढे गूगलने दिले. गूगल कोड हे त्या कंपनीचे केंद्र २००६ मध्ये उघडले आणि २०१५ च्या मार्चमध्ये ते बंद करीत असल्याची सूचना निघाली. इतकी धनाढ्य कंपनी, पण तिचे प्रयोजन सरले तेव्हा बिऱ्हाडकरूंना गाशा गुंडाळावा लागला.

स्वतःच्या घरात मालकाची भीती नसते. पण गळके छप्परही स्वतःच शाकारावे लागते.

याच सुमारास कोड जपण्याच्या रीतीत मोठा पालट झाला. लिनक्सचे काम ज्या बिटकीपर नावाच्या साधनावर चाले, त्याची विनामूल्य सवलत २००५ मध्ये काढून घेण्यात आली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने त्या एप्रिलमध्ये गिट हे साधन स्वतः लिहावयास घेतले. गिटचे वैशिष्ट्य असे, की काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ साऱ्या इतिहासाची पूर्ण प्रत असते, आणि प्रत्येक फेरफाराला त्याच्या मजकुरावरून व मागच्या इतिहासावरून काढलेली एक खूण असते. मागे कोणी एक अक्षर बदलले तरी पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य सर्व्हरांत परक्यांनी शिरकाव केल्याचे उघडकीस आले. केंद्र काही आठवडे बंद ठेवावे लागले. पण लिनक्सच्या कोडविषयी कोणाची झोप उडाली नाही, कारण जगभर हजारो ठिकाणी त्याच्या पडताळून पाहता येतील अशा प्रती होत्या.

तरीही अनेक प्रती म्हणजे अभय, असे समजणे धोक्याचे. केडीई या प्रकल्पाला ते मार्च २०१३ मध्ये उमगले. देखभालीसाठी बंद केलेला त्यांचा सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा त्याची साठवण बिघडलेली निघाली. त्याची नक्कल ठेवणारे दुसरे सर्व्हर निरनिराळ्या देशांत होते खरे. पण मूळ ठिकाणी जे असेल ते निमूटपणे उतरवून घेणे एवढेच काम त्यांना नेमून दिलेले होते, आणि त्यांनी तो बिघाडही इमानाने उतरवून घेतला. सुमारे १५०० कोठारे नाहीशी होण्याच्या बेतात होती. सुदैवाने एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली. आरसा आणि राखीव प्रत यांतील भेद इतका स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

शिवाय गिट जपते ते कोड. तक्रारी, चर्चा, सभासदांची खाती या गोष्टी निराळ्या डेटाबेसमध्ये असतात, आणि त्यांची प्रत प्रत्येकाच्या घरी नसते. या भागाची कसोटी ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री लागली, आणि तीही अशा संस्थेत, की जिचा व्यवसायच मुळी ही घरे बांधून देण्याचा होता.

गिटलॅब हा प्रोग्रॅम २०११ मध्ये युक्रेनमधील द्मित्रो झापोरोझेत्स याने सुरू केला. आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर तो कोणासही बसविता येतो. पुढे त्याभोवती कंपनी झाली आणि ती स्वतःचे सार्वजनिक केंद्रही चालवू लागली. त्या रात्री या केंद्राच्या डेटाबेसवर अतोनात भार आला आणि मुख्य डेटाबेसची नक्कल करणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला. एक अभियंता ती नक्कल नव्याने सुरू करू पाहत होता. नक्कल घेणारे साधन काही न बोलता नुसते थांबून राही. वस्तुतः त्यात बिघाड नव्हता. मुख्य सर्व्हरकडून मजकूर येईपर्यंत गप्प राहणे हा त्याचा स्वभावच होता. परंतु ही गोष्ट कंपनीच्या कार्यपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली नव्हती, आणि साधनाच्या अधिकृत माहितीतही नव्हती. अभियंत्याचा समज झाला, की दुय्यम सर्व्हरवरील जुने अवशेष आड येत असावेत. ते पुसण्याची आज्ञा त्याने दिली, आणि ती दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानी येऊन त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते.

आता राखीव प्रती काढाव्यात, तर एकेक पेटी उघडावी आणि ती रिकामी निघावी असा प्रकार झाला. रोज प्रत घेणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीहून जुन्या आवृत्तीचे असल्याने कामच करीत नव्हते. ते निष्फळ झाल्याची सूचना ई-मेलने जाई. पण तीवर आवश्यक ती सही नसल्याने टपालव्यवस्था ती परस्पर नाकारी. तबकड्यांच्या प्रती घेण्याची आणखी एक सोय होती. डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी ती चालूच केलेली नव्हती. वाचविले ते एका योगायोगाने: सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी एक प्रत हाताने घेऊन ठेवली होती. तीवरून केंद्र पुन्हा उभे करण्यास दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. मधल्या तासांतील सुमारे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली. कोडची कोठारे निराळी असल्याने ती बचावली.

या प्रसंगी कंपनीने जे केले ते अपघाताइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुरुस्तीची टिपणे तिने त्याच वेळी सर्वांस वाचावयास खुली ठेवली, यूट्यूबवर काम चालू असताना दाखविले, आणि १० फेब्रुवारीस सविस्तर अहवाल काढला. त्यात अभियंत्याच्या माथी खापर फोडलेले नाही. राखीव प्रतींची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, त्यामुळे ती वेळोवेळी तपासली गेली नाही, असा शोध त्यात घेतलेला आहे. पुष्कळ संस्था अशा वेळी दार लावून घेतात.

या अहवालानंतरही लोक गिटलॅबला बिचकले नाहीत. उलट अनेक मोठ्या प्रकल्पांनी याच काळात तो प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर आणला. ग्नोमने २०१८ मध्ये, केडीईने २०२० मध्ये. डेबियनचे अलिओथ जुने झाले होते. ते ज्या आवृत्तीवर चाले तिला मिळणारा आधार मे २०१८ अखेर संपणार होता. डिसेंबर २०१७ मध्ये डेबियनने साल्सा हे गिटलॅबवरील नवे घर परीक्षेसाठी उघडले आणि पुढच्याच महिन्यात ते पक्के केले. डेबियन संगणकावर बसविताना जो प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, त्याच्या मराठीसह अनेक भाषांतील तर्जुम्यांचे कोठार आज तेथेच आहे.

स्थलांतर मात्र आपोआप होणार नव्हते. ज्या गटाला आपला कोड हवा असेल त्याने तो स्वतः उचलून न्यावा, उरलेला जुन्या संग्रहात राहील, असे ठरले. अडचण पत्रव्यवहाराची आली. अलिओथवर अनेक गटांच्या टपालयाद्या होत्या, आणि साल्सात त्यांना जागा नव्हती. डेबियनच्या असंख्य पॅकेजांवर देखभाल करणाऱ्याचा पत्ता म्हणून याच याद्यांचे पत्ते छापलेले होते. याद्या बंद पडल्या असत्या, तर दोष कळविणाऱ्यांची पत्रे पत्ता चुकल्यासारखी परत गेली असती. तेव्हा काही स्वयंसेवक पुढे आले, त्यांनी निराळा सर्व्हर उभारला, आणि ज्या याद्यांच्या चालकांनी तशी मागणी केली त्या याद्या २०१८ च्या एप्रिलमध्ये तेथे हलविल्या. अलिओथ त्यानंतर लवकरच बंद झाले. त्या याद्यांच्या जुन्या पत्त्यांवर पाठविलेली पत्रे मात्र पोचत राहिली.