पाप कोणाचं, धक्के किती?

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. सकाळचे साडेनऊ वाजून गेलेत. तुम्ही पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये आहात, कार्मो मठाच्या चर्चमध्ये, दाटीवाटीने उभे. आज सर्व संतांचा सण, म्हणून शहरातलं एकूण एक चर्च भरलेलं आहे. वेदीवर मेणबत्त्यांच्या रांगा, धुपाचा वास, लॅटिन प्रार्थनेचे सूर. शेजारची बाई लेकराला गुडघे कसे टेकायचे ते दाखवते आहे.

जमिनीखालून घरघर येते, जड गाड्यांचा तांडा जवळून जावा तशी. झुंबरं हेलकावू लागतात. धक्का ओसरतो, तेवढ्यात दुसरा येतो, त्याहून जोरकस. छत प्रार्थना करणाऱ्यांवर कोसळतं. ती बाई तुम्हाला पुन्हा दिसत नाही.

तुम्ही कसेबसे बाहेर पडता. धुळीने भर सकाळी अंधारलंय. लोक तेजो नदीच्या मोकळ्या काठाकडे धावताहेत. तुम्ही तिकडे जाऊ नका. नदीचं पाणी मागे सरलंय, तळाचा गाळ उघडा पडलाय. थोड्याच वेळात समुद्र त्याच वाटेने शहरात शिरेल आणि काठावर आसरा घेतलेल्यांना ओढून नेईल.

तुम्ही नदीपासून आत, रोसिउ चौकात थांबता. आता आग लागली आहे. चुलींतले निखारे आणि देवापुढच्या मेणबत्त्या, दोन्हींनी ती पेटवली. चौकालगतचं इस्पितळ आतल्या रुग्णांसकट जळतंय. त्याचं नावही ‘सर्व संतांचं इस्पितळ’. नदीकाठच्या राजवाड्यातला ग्रंथसंग्रह जातो, गोव्याशी चाललेल्या कारभाराची दप्तरं जातात. आग पाचसहा दिवस धुमसत राहते. मेलेल्यांची गणती हजारांत आहे.

राखेत उभ्या असलेल्या माणसांना कुणीतरी कारण सांगायला हवं असतं. धर्मोपदेशक ते लगेच सांगतात: तुमची पापं. १७५६ मध्ये गाब्रिएल मालाग्रिदा हा जेझुइट पाद्री पुस्तिकाच काढतो. भूकंप नैसर्गिक कारणांनी झाला असं म्हणणंच त्याला घातक वाटतं. घरं बांधत बसण्यापेक्षा पश्चात्ताप करा, असा त्याचा आग्रह. तिकडे इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन वेस्लीलाही या भूकंपात देवाचा न्याय दिसतो, पण त्याच्या लेखी दोष कॅथलिक लिस्बनचा आणि तिथल्या धर्मन्यायालयाचा. त्याच भूकंपाने मोरोक्कोत घरं पाडली, माणसं मारली. त्यांतली बहुतेक मुसलमान होती. भूकंप एकच, आणि प्रत्येकाला त्यात आपल्याला हवा तो गुन्हेगार सापडतो. यातलं कोणतंही उत्तर खोटं ठरवता येत नाही, म्हणून यातल्या एकाही उत्तरातून काही शिकता येत नाही. आणि त्या लेकराचं पाप कोणतं, हे तर कुणीच सांगत नाही.

आता शहराबाहेर, एखाद्या खेड्यातल्या पाद्र्याच्या खोलीत या. राजाचा मंत्री कार्व्हाल्यो, जो पुढे मार्केस द पोंबाल झाला, त्याच्या कारकिर्दीत देशभरच्या पॅरिशांना, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांना, प्रश्नावली गेली आहे. भूकंप किती वेळ टिकला? धक्के किती बसले? समुद्र आधी मागे गेला की आधी चढला? जमिनीला भेगा पडल्या का? घरं किती पडली, माणसं किती मेली? पाद्री लेखणी बुडवतो, आठवतो, गावकऱ्यांना विचारून येतो आणि लिहितो. प्रवचनपीठावर तो न्यायाधीश होता. या कागदापुढे तो साक्षीदार झाला आहे. माणूस तोच, श्रद्धाही तीच, फक्त प्रश्न बदलला. ती उत्तरं आजही पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक ती आजही वाचतात.

शहर पुन्हा बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला जातो, धक्का बसला तर लवचिकपणे तोलून धरणारा. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला गेला, असं सांगतात. प्रार्थनेची अशी चाचणी कुणी घेतली नव्हती.

१७६१ मध्ये याच रोसिउत तुम्हाला आणखी एक दृश्य पाहावं लागेल. सत्तरी ओलांडलेल्या मालाग्रिदाला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं जातं आणि त्याचं प्रेत जाळलं जातं. शिक्षा धर्मन्यायालयाची, तिच्यामागे इच्छा पोंबालची. याला विवेकाचा विजय म्हणू नका. भूकंप नैसर्गिक कारणांनी होतो हे भूगर्भाच्या अभ्यासाने दाखवलं; फासाने काहीच सिद्ध झालं नाही.

आज आपल्याला माहीत आहे की तिथे अटलांटिकच्या तळाशी आफ्रिका आणि युरेशियाचे भूपट्ट एकमेकांना रेटतात. त्यांना सणवार कळत नाहीत. हे ज्ञान कोणत्याही धर्मग्रंथातून आलं नाही. ते मोजणाऱ्या, नोंदणाऱ्या आणि चुकलं तर दुरुस्त करणाऱ्या माणसांकडून आलं. म्हणून पुढच्या वेळी भूकंप, पूर किंवा साथ आली आणि कुणी देवाच्या कोपाचा हिशेब मांडू लागलं, तर शांतपणे विचारा: तुमचं म्हणणं चुकीचं असेल, तर ते आपल्याला कळणार कसं? उत्तर नसेल, तर त्या म्हणण्यावर कुणाचाही जीव सोपवू नका.