वृत्तपत्रीय चित्रकथा आणि वाचकांचा शोक

कल्पित पात्राच्या मृत्यूने वाचकवर्ग व्यथित व्हावा, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात नवी नाही. १८९३ साली कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सचा अंत घडवून आणला, तेव्हा वाचकांनी प्रकट केलेला रोष सर्वश्रुतच आहे. तथापि दैनिकातील साहसप्रधान चित्रकथेच्या वाचकाचा शोक काहीशा निराळ्या जातीचा असतो. ‘टेरी अँड द पायरेट्स’ या अमेरिकन चित्रमालिकेतील एका प्रसंगावरून तो वेगळेपणा स्पष्ट होतो.

मिल्टन कॅनिफ यांनी २२ ऑक्टोबर १९३४ रोजी ही मालिका आरंभिली. कथाभूमी चीनची होती. १९३७ साली तेथे जपानचे आक्रमण सुरू झाले आणि युद्धाची छाया कथानकावर पडली. अमेरिका अद्यापि तटस्थ असल्यामुळे जपानचा नामनिर्देश मात्र टाळला जाई; त्याऐवजी ‘आक्रमक’ एवढाच शब्द योजिला जाई. याच पार्श्वभूमीवर चीनमधील पीडितांच्या सेवेस वाहून घेतलेली धनिककन्या रेव्हन शर्मन कथेत आली. ऑक्टोबर १९४१ मध्ये खलपुरुष कॅप्टन ज्यूडास याने तिला धावत्या ट्रकमधून ढकलून दिले. काही दिवसांनी, १६ ऑक्टोबरच्या अंकात, तिचा मृत्यू झाला. तिच्या दफनाचे चित्रण संवादावाचून केले होते.

यानंतर कॅनिफ यांच्याकडे पत्रांचा व तारांचा ओघ सुरू झाला. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील ४५० विद्यार्थ्यांनी पूर्वेकडे तोंड करून मूक श्रद्धांजली वाहिली, अशीही नोंद आढळते. ही वाचकांची भाबडी समजूत होती, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. पात्र कल्पित आहे हे श्रद्धांजली वाहणाऱ्यांस ठाऊकच होते. मग त्यांनी शोकाचे प्रत्यक्ष जीवनातील विधी का स्वीकारले?

याची कारणे माध्यमाच्या घडणीत सापडतात. कादंबरीचा वाचक आपल्या गतीने पुढे जातो. दैनिक चित्रकथेत मात्र पात्राचा काळ वाचकाच्या दिनक्रमाशी बांधलेला असतो. रेव्हन मरणोन्मुख असताना वाचकासही दिवस मोजीतच राहावे लागले. शिवाय ज्या वृत्तपत्रात तिची कथा येई, त्याच वृत्तपत्रात चीनमधील युद्धवार्ताही येत. ‘आक्रमक’ या शब्दाचा अर्थ वाचक त्या वार्तांच्या आधारे आपणच पुरा करी. अशा रीतीने कथेच्या निर्मितीत तो सहभागी झालेला होता आणि संवादहीन दफनप्रसंगी उरलेले शब्दही त्यालाच पुरवावयाचे होते. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि तटस्थतेबरोबर शब्दयोजनेतील हा संकोचही संपुष्टात आला.

या साधनांचा उपयोग करताना सावधगिरी अवश्य आहे. पत्र लिहिणारा वाचक इतिहासात उरतो. अंक घडी करून कामाला निघून गेलेला वाचक उरत नाही. म्हणून पत्रांच्या ओघावरून सर्व वाचकवर्गाचे मन सिद्ध होत नाही. परंतु त्या वर्गातील काहींनी आपला शोक जाहीरपणे मांडण्यास संकोच मानला नाही, एवढे निश्चित सिद्ध होते.

वाचकांच्या आग्रहामुळे होम्स पुढे परत आला; रेव्हन आली नाही. कॅनिफ यांनी १९४६ च्या अखेरीस ही मालिका सोडली व इतर हातांनी ती १९७३ पर्यंत चालविली. त्या दीर्घ काळात हा एक मृत्यू मात्र अंतिमच राहिला. वाचकांच्या शोकाचा मानही त्यातच राखला गेला.