कमानीखालची वाट : बोलोन्याच्या पोर्तिकोची कुळकथा

घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे आला, तर शहर काय करतं? नोटीस बजावतं, दंड ठोकतं आणि अखेरीस पाडकामाला माणसं पाठवतं. मध्ययुगीन युरोपातल्या अनेक शहरांनीही रस्ते मोकळे करण्यासाठी हाच मार्ग धरला. उत्तर इटलीतल्या बोलोन्यानं मात्र १२८८ साली उलटा कायदा केला. नवं घर बांधायचं, तर रस्त्याच्या अंगाला खांबांवर तोललेला, खालून मोकळा पोर्तिको ठेवायलाच हवा. जुन्या घराला तो नसेल, तर मालकानं जोडून घ्यावा. जमीन मालकाची, डागडुजी मालकाची आणि चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा.

आज बोलोन्यात असे ६२ किलोमीटर पोर्तिको आहेत आणि त्यांतले ३८ किलोमीटर एकट्या जुन्या शहरात. हे जुनं शहर बरंचसं छपराखालूनच पायी पाहून होतं. पो नदीच्या खोऱ्यातला उन्हाळा चांगलाच भाजतो, हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि या दोन्हींत माणसं कमानींखालून आपल्या कामाला जात-येत राहतात. पाहुण्याला वाटतं, ही सोय कुणा दूरदृष्टीच्या सरदाराला सुचली असेल. प्रत्यक्षात तिची सुरुवात झाली ती घरमालकांच्या घुसखोरीतून, आणि म्हणूनच तिची कुळकथा मला इतकी मोलाची वाटते.

बोलोन्यातल्या पोर्तिकोचा सर्वांत जुना उल्लेख १०४१ सालचा आहे. त्यानंतरच्या दोन शतकांत शहर झपाट्यानं फुगलं. इथलं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ची मानतं. कायदा शिकायला आल्प्सपलीकडून विद्यार्थी येऊ लागले, त्यांच्यामागून त्यांचे नोकर, पोथ्यांचे नकलनवीस, जेवण रांधणारे. खेड्यांतून कारागीर येत होते. १२५६ साली शहरानं मालकांना पैसे मोजून सुमारे सहा हजार कुळांना वेठीच्या बंधनातून सोडवलं आणि त्यांची नावं ‘लिबेर पाराडिसुस’ या वहीत नोंदवली. एवढ्या माणसांना राहायला खोल्या हव्या होत्या, आणि तटबंदीच्या आतली जमीन तर वाढणार नव्हती.

मग घरं वरच्या मजल्यावर वाढली. मजल्याच्या लाकडी तुळया भिंतीबाहेर काढायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि एक खोली रस्त्यावर अधांतरी उभी करायची. असा पुढे आलेला भाग म्हणजे ‘स्पोर्तो’. खोली लहान असेतोवर तुळया तिचं ओझं पेलत. ती थोडी मोठी झाली, की खालून तिरपे लाकडी टेकू लागत. आणखी मोठी झाली, की टेकूंनी भागेना. मग रस्त्यातच उभा खांब रोवला जाई. खांब जमिनीला टेकला त्या घडीला त्याच्यामागे एक छपराखालची पट्टी तयार झाली. ती कुणी आखली नव्हती. वरच्या खोलीच्या भाड्यासाठी केलेल्या खटपटीत ती आपसूक निघाली.

या पट्टीचं करायचं काय, हा प्रश्न शहरापुढे आला. खांब पाडले, तर हजारोंच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. तसेच चालू दिले, तर मालक उद्या दोन खांबांमध्ये भिंत घालून खालची जागाही गिळणार. १२८८च्या कायद्यानं दोन्ही टोकं टाळली. वरची खोली मालकाला ठेवू दिली आणि तिच्या मोबदल्यात खालची वाट कायमची लोकांच्या नावे केली. शिवाय नव्या घरांनी पोर्तिकोसाठी रस्ता खायचा नाही, स्वतःच्या जमिनीतून जागा काढायची. जो भाग आधी रस्त्यावर चढत होता, तो आता घराच्या पोटात शिरला. आपल्याकडच्या पडवीशी पोर्तिकोचं वरवर साम्य आहे. पण पडवीत कुणाला बसू द्यायचं ते घरचे ठरवतात, आणि पोर्तिकोतून जाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार घरमालकाला नाही.

कायद्यात मापही होतं. पोर्तिकोची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे आजच्या हिशेबानं सुमारे २ मीटर ६६ सेंटिमीटर. घोड्यावर बसलेला माणूस डोकं न आपटता जावा, हा या मापामागचा हेतू सांगितला जातो. हा फूट कुणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकात पालाझ्झो दाक्कुर्सिओ या नगरभवनाच्या बाहेरच्या भिंतीत शहराची मापं दगडात कोरून बसवली आहेत: लांबीची मापं, विटेचं माप, कौलाचं माप. वीट आखूड निघाली की काय, खांब बुटका पडला की काय, याचा निवाडा भर चौकात करता येई. त्या खाचांवर बोट फिरवताना या कायद्याची ताकद उमगते. नियम सगळ्यांसाठी होता आणि तो मोजायची पट्टीही सगळ्यांच्या नजरेसमोर होती.

पहिल्या पिढीतले पोर्तिको लाकडी होते. त्यांतला सर्वांत देखणा वाचलेला नमुना स्त्रादा माज्जोरेवरचं कासा इसोलानी, तेराव्या शतकातलं घर. त्याचे ओकचे खांब सुमारे नऊ मीटर उंच आहेत आणि त्यांच्या माथ्यावर तिसऱ्या मजल्याचा पुढे आलेला भाग तोललेला आहे. खांबाजवळ उभं राहून पाहिलं, तर लाकूड काळपट पडलेलं दिसतं, लांबच लांब भेगा उभ्या धावलेल्या दिसतात आणि खाली दगडी बैठक. वर तिरपे टेकू तुळयांना भिडलेले आहेत. टेकूपासून खांबापर्यंतचा सगळा प्रवास या एका घरात वाचता येतो. छताच्या लाकडात तीन बाण रुतलेले आहेत असं सांगून वाटाडे लोकांना माना वर करायला लावतात. एका बाईला मारायला आलेल्या धनुर्धारींचा नेम चुकला, ही त्यामागची दंतकथा.

लाकूड जळतं, कुजतं आणि गाड्यांच्या धक्क्यानं हलतं. २६ मार्च १५६८ रोजी पोपचा इथला कारभारी जोव्हान्नी बात्तिस्ता दोरिया यानं फर्मान काढलं, की लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे घालावेत. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होतं. या फर्मानानंतर शहराचा चेहरा पालटला. तरी कासा इसोलानीसारखी मोजकी घरं लाकडासकट टिकली.

विटांच्या युगात पोर्तिको हे मालकाच्या प्रतिष्ठेचं ठिकाण झालं. बोलोन्याजवळ चांगला संगमरवर नाही, पण माती उत्तम. त्यामुळे नक्षी भाजक्या मातीची. सान जाकोमो माज्जोरे या चर्चच्या बाजूला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला पोर्तिको पाहावा. बारीक खांब, त्यांवर हलक्या कमानी आणि कमानींवरून धावणारी मातीच्या नक्षीची पट्टी. सान्तो स्तेफानोच्या चौकालगत बोलोन्यिनी घराण्याच्या वाड्यावर तर मातीची मुंडकी भिंतीतून बाहेर डोकावतात आणि खालच्या रहदारीकडे टक लावून असतात. जागा द्यायचीच आहे, तर ती शोभून दिसावी, अशी जणू मालकांत चढाओढ लागली.

रुंदी-उंचीची मात्र एकच मोजपट्टी राहिली नाही. व्हिया सेन्झानोमे या गल्लीतला सगळ्यात अरुंद पोर्तिको जेमतेम ९५ सेंटिमीटरचा. समोरून कुणी आलं, तर एकानं थांबायला हवं. व्हिया आल्ताबेल्लावरचा सर्वांत उंच पोर्तिको दहा मीटरच्या घरात जातो. सान्ता मारिया देई सेर्व्ही चर्चपुढचा ऐसपैस पोर्तिको चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकात पुरा झाला. काही शतकं एखादं काम अपुरं राहिलं, तरी ते सोडून द्यायचं नाही, ही या शहराची खोड आहे आणि ती चांगली आहे.

कमानींखाली धंदा चाले. चांभार, शिंपी, नकलनवीस उजेडासाठी दुकानाच्या पुढे येऊन बसत; पाऊस असो वा ऊन, काम थांबत नसे. पियाझ्झा माज्जोरेच्या कडेचा पाव्हाल्योने हा १३९ मीटरचा पोर्तिको रेशमाच्या कोषांच्या बाजाराशी जोडलेला. बोलोन्याचं रेशीम युरोपभर नावाजलेलं होतं. त्याच रांगेत आर्किजिन्नाझिओची इमारत, १५६३मध्ये विद्यापीठासाठी उघडलेली. विद्यार्थी, रेशमाचे व्यापारी आणि चौकातले भाजीवाले अशा सगळ्यांची वाट एकच. व्हिया दाझेल्यो रस्त्यावर टाकून दिलेल्या पोरांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाचा पोर्तिको आहे. त्याला आजही त्या अनाथ मुलांवरूनच ओळखतात. शहरानं पोर्तिकोत फक्त श्रीमंती नाही, आपली जबाबदारीही बांधून ठेवली.

ही रीत गावकुसाबाहेर पडली ती श्रद्धेपोटी. शहराच्या नैर्ऋत्येला कोल्ले देल्ला ग्वार्दिया या टेकडीवर सान लुकाची मदोना, म्हणजे मेरी माता, आहे. १४३३ साली पाऊस थांबेना, पिकं सडू लागली, तेव्हा तिची प्रतिमा मिरवणुकीनं शहरात आणली गेली आणि पाऊस थांबला, अशी लोकांची श्रद्धा. तेव्हापासून ती दरवर्षी शहरात येते. या मिरवणुकीला उन्हापावसात आडोसा हवा, म्हणून १६७४मध्ये पोर्ता सारागोझ्झा या वेशीपासून टेकडीकडे पोर्तिको बांधायला घेतला. चढावर सामान नेणं जिकिरीचं, तेव्हा १६७७मध्ये माणसांनी साखळी धरून ते हातोहात वर पोहोचवलं. पैसा दिला तो नगरवासीयांनी: सरदारांनी, व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांनी, साध्या घरांनी. कुणी एक कमान बांधून दिली, कुणी अनेक. देणाऱ्यांची नावं भिंतींवर अजून वाचता येतात. काम अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. एकूण लांबी ३,७९६ मीटर, कमानी ६६६. पायथ्याशी रस्ता ओलांडताना वळसा घेणारी मेलोन्चेल्लो ही देखणी कमान कार्लो फ्रान्चेस्को दोत्ती या वास्तुकाराची. तिथून खरा चढ सुरू होतो. पुढे चढणाऱ्या भाविकांबरोबरच आज धावपटू असतात, शाळेची पोरं असतात, आणि दर काही पायऱ्यांनी दम खाणारे म्हातारे. १२८८ साली सक्तीनं सुरू झालेली गोष्ट चार शतकांनी लोक वर्गणी काढून बांधू लागले, हे या कुळकथेचं सर्वांत तेजस्वी पान आहे.

विसाव्या शतकात मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धात बाँबनी शहराचा बराच भाग उद्ध्वस्त केला होता. अशा वेळी स्वस्त आणि झटपट घरं उभारताना पोर्तिको सोडून देणं सोपं होतं. पण १९५७ ते १९६२च्या सुमारास शहराबाहेर बार्का वसाहतीत कामगारांसाठी घरं बांधताना वास्तुकार ज्युझेप्पे व्हाक्कारो यानं सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची वळणदार इमारत आखली आणि तिच्या खाली सलग पोर्तिको ठेवला, दुकानं त्यातच. लोक तिला ‘आगगाडी’ म्हणतात. १९७३मध्ये वास्तुकार पियेर लुइजी चेर्व्हेल्लाती यांच्या पुढाकारानं जुन्या शहरातली पडकी घरं दुरुस्त करून मूळच्या रहिवाशांना तिथेच ठेवण्याची योजना आली. जुनं शहर म्हणजे पाहुण्यांसाठी सजवलेला देखावा नव्हे, तिथे राहणाऱ्यांचं ते गाव आहे, हा विचार त्यामागे होता. २०२१मध्ये युनेस्कोनं पोर्तिकोंचे बारा निवडक भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत वाड्यांच्या कमानींबरोबर बार्काची ही आगगाडीही आहे.

मुंबईकरांना या नियमाची एक बहीण घरच्याच रस्त्यावर भेटते. हुतात्मा चौकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, १८९६च्या नियमानं इमारतींच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवणं बंधनकारक झालं. इमारती वेगवेगळ्या शैलींच्या, पण खालून माणूस सलग चालत जातो. जूनच्या सरींत त्या कमानींचं मोल कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मग शहरातल्या बाकीच्या रस्त्यांवर हा नियम का गेला नाही, हा प्रश्न मला सतत पडतो. चालणाऱ्यांसाठी जागा उरली तर देऊ, असं म्हणणारी शहरं ती कधीच देत नाहीत. जागा आधी राखून ठेवावी लागते.

बोलोन्यात कधी गेलात, तर छत आणि खांब पाहून झाल्यावर नजर खाली ठेवून चाला. दर काही पावलांवर जमीन बदलते. इथे संगमरवराच्या चुऱ्याचा गुळगुळीत तेराझ्झो, पुढच्या घरापुढे दगडी फरशा, त्यापुढे विटा. सांध्याची रेघ जिथे दिसते, तिथे एका मालकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. म्हणजे आपण शेकडो जणांच्या खासगी जमिनीवरून एकाही परवानगीशिवाय चालत असतो. हा हक्क आजही कायद्यानं शाबूत आहे. त्या रस्त्यांवर घर घेणारा माणूस खोल्यांबरोबर खालची फरशी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही विकत घेतो, आणि ती वाट बंद करण्याचा अधिकार त्याला कितीही पैसे मोजून मिळत नाही.