सहीसाठी एकच रेघ

थीलप्लाट्झ स्टेशनातून तुम्ही रस्त्यावर येता आणि थंडी आधी कानांना लागते. १९२९ सालचा हिवाळा. बर्लिनचं हे डाहलेम उपनगर शांत आहे: बंगले, बागा, पानं झडलेली झाडं आणि त्यांच्या अधूनमधून विज्ञानाच्या संस्था. तुमच्या कोटाच्या खिशात प्लास्टिकची एक नळी आहे. ती या काळातली नाही. न्यू जर्सीहून लेकाने दिवाळीला पाठवलेल्या खोक्यातली ती. तिच्यात थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं, पाकिटात घालून पाठवायचं, की काही आठवड्यांनी तुमचे पूर्वज कुठून आले ते फोनवर दिसतं. सोबतचा अर्ज घडी करून त्याच खिशात ठेवलेला आहे. अजून भरलेला नाही.

ईनेश्ट्रासे, क्रमांक २२. कैसर विल्हेल्म सोसायटीची ही संस्था मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्रासाठी आहे. १९२७ च्या सप्टेंबरमध्ये आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद बर्लिनमध्ये भरली होती, तेव्हा या संस्थेचं उद्घाटन झालं. अजून सगळं नवं आहे. ‘सुप्रजनन’ हा शब्द आज तुमच्या अंगावर काटा आणतो, पण या वर्षी तो जगभर आशेने उच्चारला जातो आहे, आपल्याकडेही. भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असं सांगणारं इंग्रजी पुस्तक ना. सी. फडक्यांनी याच सुमारास लिहिलं आहे. तेव्हा या दारातून आत जाताना ‘ही त्यांची गोष्ट, आपली नव्हे’ असं समजून जाऊ नका.

आत एका खोलीत नऊवारी नेसणाऱ्या घरातून आलेली एक तरुणी कवटी हातात धरून बसली आहे. वय तेवीस-चोवीस. तिला तुम्ही ओळखता. इरावती कर्वे. पुढे ‘युगान्त’ लिहिणार आहेत त्या. ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून इरावदी नदीचं नाव मिळालं, वाढल्या पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी, मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुऱ्यांच्या हाताखाली शिकल्या. इथे यायला सासऱ्यांचा विरोध होता. महर्षी कर्व्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, पण सुनेने परदेशी जावं हे त्यांना पटलं नव्हतं. पती दिनकरराव मात्र ठाम राहिले. काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन पैशांची सोय झाली.

तुम्ही तिच्या मागे उभे राहता. तिला तुम्ही दिसत नाही.

टेबलावर स्टीलचा कॅलिपर, वही, टाक. काम किचकट आहे. कवटीची मधली रेषा धरायची, मग तिच्यापासून डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर मोजायचं, लिहायचं, पुन्हा मोजायचं. कोणाचीच कवटी दोन्हीकडून सारखी नसते, तुमचीही नाही. प्रश्न असा आहे की हा वाकडेपणा वंशागणिक बदलतो का. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांना उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतं: गोरा युरोपियन बुद्धीने वरचढ, आणि त्याची खूण कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात सापडायला हवी. ती खूण शोधायचं काम त्यांनी पुण्याच्या या विद्यार्थिनीला दिलं आहे. १४९ कवट्या आहेत. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या.

फिशर यांचं नाव झालं तेही आफ्रिकेमुळे. १९०८ मध्ये ते आजच्या नामिबियात रेहोबोथ इथे गेले, गोरे पुरुष आणि खोईखोई स्त्रिया यांच्या वंशजांची मोजमापं घेतली आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. त्याच मुलखात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. छावण्यांत कैद केलेल्या बायकांना मेलेल्यांची डोकी काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावलं गेलं, आणि त्या कवट्या अभ्यासासाठी बर्लिनला रवाना झाल्या. काचेने खरवडताना त्या बाईला हातातला चेहरा ओळखीचा वाटला असेल का, हा विचार मला बरीच वर्षं सोडत नाही.

इरावतीबाई मोजतात. हिवाळा सरतो, पुन्हा येतो. आकडे एका रांगेत आले की त्या पाहतात: वंशाचा आणि या वाकडेपणाचा संबंध दिसत नाही. युरोपियन कवट्यांत काही खास नाही. गुरूला हवं होतं ते निघालं नाही, आणि त्या तसंच लिहितात. मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीवरचा तो प्रबंध बर्लिन विद्यापीठाकडे जातो, पदवी मिळते, त्या पुण्याला परततात. वसाहतीतून आलेली, कर्ज काढून शिकणारी, परक्या भाषेत लिहिणारी एक मुलगी. समोर युरोपातला मोठा शास्त्रज्ञ. तिने आकडे वाकवले असते तर कोणाला कळलं असतं?

तुमचा ऊर भरून येतो, आणि येऊ द्यावा. पण खोलीतून निघण्याआधी एक कवटी हातात घ्या. वजन किती कमी आहे ते पाहा. ती इथे कशी आली, हे कोणी विचारलं? बरोबर निघालेलं उत्तरसुद्धा न विचारता आणलेल्या हाडांवरच निघालं. इरावतीबाईंविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, म्हणूनच हे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दार उघडता तेव्हा बाहेर वेगळं वर्ष आहे.

१९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी १४ जुलैला ‘आनुवंशिक रोगी संततीला प्रतिबंध’ करणारा कायदा आला. त्याखाली सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९४२ मध्ये फिशर निवृत्त झाले आणि संचालकाच्या खुर्चीत ओटमार फॉन फेर्शूअर आले. त्यांचा जुना साहाय्यक योझेफ मेंगेले पुढच्या वर्षी आउशवित्झला नेमला गेला, आणि तिथून या पत्त्यावर पार्सलं येऊ लागली. रक्ताचे नमुने. एका सिंती कुटुंबातल्या माणसांचे डोळे, कारण त्यांच्या दोन डोळ्यांचे रंग वेगवेगळे होते आणि इथल्या एका संशोधिकेला त्या रंगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करायचा होता. पार्सलावर पत्ता नीट, ठसठशीत लिहिलेला. हे लिहिताना हात थांबतो. आणखी एक गोष्ट: माणसावर प्रयोग करायचा तर त्याची संमती हवी, अशा सरकारी सूचना जर्मनीत १९३१ मध्येच निघाल्या होत्या. कागद होता. तो कागद ज्याच्यासाठी होता तो माणूस माणसांच्या यादीतूनच वगळला, की कागदाचं काय चालणार?

युद्धानंतर फेर्शूअर यांना ६०० मार्क दंड झाला. १९५१ मध्ये ते म्युन्स्टरला मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

आता ऊन आहे. देशावरचं एक गाव, चाळीसचं दशक, देवळापुढचा पार. या वेळी तुम्ही पाहणाऱ्यांत नाही, रांगेत आहात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावतीबाई आल्या आहेत, डोकी मोजायला. पाटलांनी सांगितलं म्हणून माणसं उभी राहिली आहेत. तुमची पाळी येते. जात विचारतात, पोटजात विचारतात, लिहून घेतात. मग कपाळाच्या दोन्ही बाजूंना स्टीलचं थंड टोक टेकतं. बाईंचा हात हलका आहे, बोलणं घरचं आहे. तुम्ही विचारत नाही की हे कशासाठी. विचारायचं असतं हेच तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

या मोजणीतून १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्राच्या मोजमापांचा ग्रंथ निघेल. १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापून येईल. बाईंचं म्हणणं धाडसी होतं: ज्यांना आपण एका नावाखाली एक जात समजतो ते गट एका मुळातून फुटलेले नाहीत, वेगवेगळे गट एका नावाखाली शेजारी येऊन बसले आहेत. घुरे यांच्या, म्हणजे स्वतःच्या पहिल्या गुरूंच्या, मताविरुद्ध हे होतं. ‘आमचं रक्त एक’ म्हणणाऱ्या प्रत्येक ज्ञातिसंमेलनाच्या विरुद्धही. वंशश्रेष्ठत्व सिद्ध करायला घडवलेलं हत्यार त्यांनी घरी आणलं आणि शुद्धतेच्या कल्पनेवरच चालवलं. पण हत्यार तेच राहिलं, माणसाला आधी जातीच्या रकान्यात घालून मग मोजणारं. आज भारतात हजारो जनुकसंच वाचले जातात, नमुने जाती-जमातींच्या गटांनुसार घेतले जातात, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याला कारण आहे: शतकानुशतकं आपापल्यातच लग्नं केल्याने काही आजार काही गटांत साठले आहेत. ते शोधायलाच हवेत. रांगेत उभा असलेला माणूस मात्र अजूनही बहुतेक वेळा पाटलांनी सांगितलं म्हणून उभा असतो. आजचा पाटील सरकारी डॉक्टर असेल, एवढंच.

पुढचं दार २००३ च्या मार्चमध्ये उघडतं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा वर्ग. एका विद्यार्थ्याची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा चालू आहे. पडद्यावर अमेरिकेतल्या मूळनिवासी हावासुपाई जमातीच्या डीएनएचे तक्ते. तुम्ही मागच्या बाकावर बसता, आणि तुमच्या पुढे कार्लेटा तिलूसी बसल्या आहेत, त्याच जमातीच्या. ग्रँड कॅनियनच्या तळाशी त्यांचं सुपाई गाव. वरून तेरा किलोमीटर पायवाटेने उतरावं लागतं. टपाल अजून खेचरांवरून जातं. निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं म्हणवतात ती स्वतःला. जेमतेम साडेसहाशे.

१९९० पासून त्यांच्यातल्या सुमारे २०० जणांनी याच विद्यापीठाला रक्त दिलं होतं. मधुमेहाने गावाला पोखरलं होतं, पाय कापावे लागत होते, डायलिसिससाठी माणसं दरी सोडून जात होती. कारण कळेल म्हणून दिलं. संमतिपत्रातले शब्द मात्र ऐसपैस होते, आणि सही करणाऱ्या अनेकांसाठी इंग्रजी ही दुसरी भाषा. त्या रक्तावर पुढे स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, आपसांतल्या लग्नसंबंधांचा झाला, आणि हे लोक आशियातून आले असाही निष्कर्ष निघाला. दरीतच आपला जन्म झाला, आपण तिचे राखणदार, असं सांगत ज्यांनी सरकारशी जमिनीसाठी झगडा केला, त्यांच्या हाती त्यांच्याच रक्तातून काढलेलं उलट उत्तर ठेवलं गेलं.

कार्लेटाताई हात वर करतात. या कामासाठी हावासुपाईंची परवानगी घेतली होती का, एवढंच विचारतात.

खोली गप्प होते. तुम्हाला डाहलेमची ती खोली आठवते. तिथेही एक प्रबंध लिहिला जात होता. तिथल्या १४९ जणांपैकी कोणी मागच्या बाकावर बसू शकत नव्हतं.

जमातीने विद्यापीठाच्या लोकांना आपल्या भूमीत यायला बंदी केली, खटला भरला. एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि उरलेलं रक्त परत. फ्रीझर उघडला तेव्हा काही जण रडले, काहींनी गाणं म्हटलं. ज्यांचं रक्त होतं त्यांतले कितीक तोवर वारले होते. त्यांना घरी न्यायला माणसं आली होती. शास्त्रज्ञांची बाजूही खोटी नव्हती. संमतिपत्रात तेवढी जागा आहे असं ते मानत होते, आणि आशियातून स्थलांतर झालं याला पुरावेही भक्कम आहेत. मला तरी इथे विज्ञान चुकलं असं वाटत नाही. चुकलं ते हे, की दोनशे माणसांना ‘तुमच्याविषयी आम्हाला आणखी एक गोष्ट विचारायची आहे’ असं सांगायला दरी उतरून कोणी गेलं नाही. तेरा किलोमीटर.

शेवटी पुन्हा डाहलेम. २३ मार्च २०२३. थीलप्लाट्झ स्टेशनाच्या नावाला आता फ्री युनिव्हर्सिटीचं नाव जोडलं गेलं आहे आणि ईनेश्ट्रासेवरच्या त्या इमारतीत विद्यार्थी राज्यशास्त्र शिकतात. तुम्ही वाल्डफ्रीडहोफ दफनभूमीत उभे आहात. २०१४ मध्ये विद्यापीठाच्या आवारात बांधकामासाठी खोदताना हाडं सापडली. ती पहिली हाडं घाईने जाळून टाकली गेली आणि त्यावर लोक संतापले. मग पुरातत्त्वज्ञांनी काळजीपूर्वक खणलं. सुमारे १६,००० तुकडे निघाले, मोठ्यांचे, लहानांचे. काही वसाहतींच्या संग्रहातले असावेत, काही नाझी गुन्ह्यांतले असण्याची शक्यता सोडून देता येत नाही.

डीएनए काढता आला असता. कोण कुठलं ते काही अंशी कळलं असतं. यहुदी, सिंती आणि रोमा, कृष्णवर्णीय लोकांच्या संघटना विद्यापीठाबरोबर बसल्या, बराच काळ बोलल्या, आणि ठरलं की काढायचा नाही. कोणत्या वंशाचं हाड हे ठरवायचं म्हणजे ईनेश्ट्रासेवर जे चालायचं तेच पुन्हा करायचं. हाडं वेगळी न करता, सगळी एकत्र मातीत ठेवायची. जाणून घेण्याची सोय हाताशी असताना, ज्यांना विचारायला हवं त्यांना विचारून, न जाणून घेण्याचं ठरलेलं तुम्ही पहिल्यांदाच पाहता आहात.

पेट्या खाली जातात. माती पडते. थंडीने तुमचा हात आपोआप खिशात जातो आणि नळीला लागतो. बरोबर दोन वर्षांनी, २३ मार्च २०२५ ला, अशाच नळ्यांचा धंदा करणारी ट्वेंटीथ्री अँड मी ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज करेल, आणि दीड कोटी माणसांची जनुकीय माहिती आता कोणाच्या हाती जाणार यावर न्यायालयात वाद होतील. त्या माहितीत त्यांचे भाऊ, बहिणी, अजून न जन्मलेली नातवंडंही असतील.

तुम्ही अर्जाची घडी उलगडता. नाव, जन्मतारीख, ईमेल. उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू द्याल का, असा एक चौकोन. ताईच्या आणि तुमच्या डीएनएतला साधारण निम्मा भाग सारखा आहे. आईचं दुखणं ताईला आलं तसं तुमच्याही वाट्याला आहे का, ते या नळीतून कळू शकेल, आणि तुमच्याबद्दल कळेल त्यातलं बरंच तिच्याबद्दलही कळेल. तिच्या दोन मुली लग्नाच्या आहेत.

खाली सहीसाठी एकच रेघ आहे. ताईला तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही.